आप्पांचे पत्रे आणि ॲसिडचा पाऊस

आमच्या आप्पांनी पडवीवरची कौलं उतरवून पत्रे घातले त्याला तीन पावसाळे झाले. कारण तेच, कौलं फोडणारी माकडं. कोकणात आता निम्म्या घरांवर पत्रे दिसतात ते हौसेने नाही घातलेले कोणी. तर मे महिन्यात एका संध्याकाळी वारा सुटला आणि समुद्राकडच्या अंगाचा एक पत्रा फडफडायला लागला म्हणून आप्पांनी चुलतभावाला वर चढवलं, त्याने कडेला धरून जरा उचलला तर पापड मोडावा तसा तुकडाच हातात आला. तीन वर्षांत. दुकानदाराने तर सांगितलं होतं पंधरा वर्षं बघायला नको.

आता आमच्या गावापासून पूर्वेला, घाटाच्या बाजूला, सरळ रेषेत बारा-तेरा किलोमीटरवर कारखान्यांची वसाहत आहे. नाव घेत नाही, कोकणात अशा बऱ्याच आहेत. थंडीत पहाटे कधीकधी असा वास येतो की नाकाला झोंबतो आणि खोकला सुटतो, हे सगळ्या गावाला माहितीये. त्यामुळे आप्पांचा पत्रा मोडला त्या दिवशी पाखाडीवरच निकाल लागला, की ॲसिडचा पाऊस पडतो आणि त्यानेच पत्रे खाल्ले. मग एकाचा आंबा आठवला, मोहोर काळा पडलेला. दुसरीच्या नव्या पितळी नळाखाली बेसिनवर हिरवा-निळा डाग. सगळं एका अर्जात घालायचं, नुकसानभरपाई मागायची, आणि तो १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठेवायचा असं ठरलं. अर्ज लिहायला मी, कारण मी चिपळूणला पाण्याच्या टेस्टिंगच्या लॅबमध्ये आहे आणि एमएस्सी केमिस्ट्री झालोय, म्हणजे गावाच्या दृष्टीने मी शास्त्रज्ञच.

मी म्हटलं लिहितो, पण आधी पाऊस मोजू. आप्पा म्हणाले, “मोजायचं काय त्यात, मेल्या? पत्रा दिसत नाही तुला?”

इथे एक गोष्ट आधी सांगून टाकतो कारण ती मला गावात पंचवीस वेळा सांगावी लागली. पाऊस आम्ल असतोच. एकही कारखाना नसता, एकही गाडी नसती तरी असता. शाळेत शिकवतात की शुद्ध पाण्याचा पीएच ७, त्याखाली आम्ल, त्यावर अल्क, आणि मग लोकांना वाटतं पावसाचं पाणी म्हणजे ढगातून आलेलं डिस्टिल्ड वॉटर तर ते ७ च असणार, त्यामुळे ६ आकडा दिसला की धाबं दणाणतं. पण थेंब खाली येताना हवेतून येतो आणि हवेत कार्बन डायऑक्साइड आहे, तो पाण्यात थोडासा विरघळतो आणि कार्बोनिक ॲसिड होतं, सोड्याच्या बाटलीत असतं तेच, फक्त अगदी पुसट. हवेत सध्या हा वायू दहा लाख भागांत साधारण ४२० भाग आहे आणि त्या हिशोबाने पाण्याचा पीएच ५.६ च्या जवळ येऊन थांबतो. कोऱ्या चहाचा ५ च्या आसपास असतो, दुधाचा साडेसहाच्या वर, म्हणजे स्वच्छ पाऊस या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसतो. ताक साडेचारच्या आसपास, लिंबाचा रस २ च्या जवळ. आणि ही मोजपट्टी दसपटीची आहे हे विसरायचं नाही, एक आकडा खाली गेलं की आम्ल दहापट, दोन आकडे गेलं की शंभरपट.

यात मला स्वतःला गंमत वाटते ती ही, की कारखानदारी सुरू व्हायच्या आधी हवेत कार्बन डायऑक्साइड २८० होता, म्हणजे आता दीडपट झालाय, तरी त्याने पावसाचा पीएच जेमतेम ०.१ ने खाली आलाय. वायू कितीही वाढवा, कार्बोनिक ॲसिड बिचारं मवाळच. त्यामुळे ॲसिडच्या पावसाची बोंब जगभर झाली ती याच्यामुळे नाही. ती गंधकामुळे आणि नायट्रोजनमुळे.

कोळसा आणि जड इंधन तेल यांच्यात गंधक असतं, ते जळलं की सल्फर डायऑक्साइड. इंजिनात किंवा भट्टीत तापमान इतकं चढतं की हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांना धरतात आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स तयार होतात. दोन्ही हवेत गेल्यावर लगेच काही ॲसिड होत नाहीत, तास-दिवस लागतात, वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात, उन्हात तयार होणाऱ्या कणांमुळे किंवा ढगाच्या थेंबात हायड्रोजन पेरॉक्साइड असतो त्याच्यामुळे त्यांचं सल्फ्युरिक आणि नायट्रिक ॲसिड होतं. ही मवाळ नाहीत. सगळं आम्ल एका दमात सोडून देतात. मॅंचेस्टरच्या पावसात हे पहिल्यांदा नीट पाहिलं ते रॉबर्ट अँगस स्मिथ नावाच्या केमिस्टने, १८५२ च्या सुमाराला, आणि पुढे १८७२ मध्ये ‘ॲसिड रेन’ हा शब्दही त्यानेच छापला. मग शंभर वर्षं कोणाला विशेष पडलेली नव्हती. उंच चिमण्या बांधल्या की गावातला धूर गावाबाहेर जातो यावर सगळे खूश, आणि तो धूर जातो कुठे तर स्वीडन-नॉर्वेच्या तळ्यांत, हे १९६७ च्या सुमाराला स्वांते ओडेन या स्वीडिश शास्त्रज्ञाने जोरात मांडलं तेव्हा कुठे आरडाओरडा झाला. मासेच नाहीत तळ्यात.

हे आप्पांना सांगितलं तर त्यांनी नेमकं मासे उचलले. “मग आपल्याकडे बांगडा का मिळत नाही हल्ली?” त्याचं कारण वेगळं आहे आप्पा. समुद्राचं पाणी ८.१ च्या आसपास असतं आणि त्यात बायकार्बोनेट भरपूर, पावसाच्या थेंबाने त्याला काही होत नाही.

असो, मोजणी. पहिला नमुना मी स्वतः घेतला आणि स्वतःच घाण केली. मृगाचा पहिला पाऊस, पन्हळीखाली पातेलं लावलं, पीएच मोजायचा पेनासारखा मीटर बुडवला, ७.१. मी खूश, अर्ज संपला. रात्री झोपताना डोक्यात आलं की हे पाणी पत्र्यावरून आलंय, पत्र्यावर चार महिन्यांची धूळ, कावळ्यांची विष्ठा, पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो त्याचा पांढरा थर, सगळं धुऊन पातेल्यात, पावसाचा पीएच कुठला, पत्र्याचा आहे तो. दुसऱ्या दिवशी नवीन प्लॅस्टिकचा टब आणला, लॅबमधलं डिस्टिल्ड वॉटर पाच वेळा फिरवून धुतला, अंगणाच्या मधोमध स्टुलावर ठेवला, झाड नाही वळचण नाही. आणि नियम केला की पाऊस सुरू झाल्यावरच झाकण काढायचं आणि पाणी लगेच मोजायचं, कारण पावसात फॉर्मिक-ॲसेटिक सारखी सेंद्रिय आम्लंही थोडी असतात, रात्रभर ठेवलं की जंतू ती खाऊन टाकतात आणि सकाळी आकडा चढलेला दिसतो.

मी शनिवार-रविवारच गावी, त्यामुळे रोजचं काम पुतणीकडे दिलं, ती नववीत आहे. दुसऱ्याच दिवशी फोन, “काका, आकडा थांबतच नाही, पाच सात, पाच नऊ, पाच चार, नुसता पळतोय.” बरोबर आहे तिचं. पावसाच्या पाण्यात क्षार इतके कमी असतात की स्वस्तातला पेन त्यात गोंधळतो. तिला सांगितलं की आधी ४ आणि ७ च्या बफरमध्ये, म्हणजे पीएच ठरलेल्या द्रावणांत, पेन लावून घ्यायचा, मग पाण्यात लॅबमधून दिलेल्या पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणाचे दोन थेंब टाकायचे, हलवायचं नाही, पाच मिनिटं थांबायचं आणि मग वाचायचं. तिने वहीत पाऊसमान, वाऱ्याची दिशा, वेळ, सगळं लिहिलं, माझ्यापेक्षा नीट. जास्वंदीच्या पाण्याचा रंगही बघत होती ती, शाळेतला प्रयोग म्हणून. दिसायला छान दिसतो पण ५.६ आणि ५.० मधला फरक जास्वंद नाही सांगू शकत.

तर वहीतलं असं. मृगाच्या सरी ६.७, ६.५, ६.४. आर्द्रात ६.० कडे. पुनर्वसूत जो आठ-आठ दिवस पडतो तो, ५.५ ते ५.८ च्या मध्ये, एकही वाचन ५.४ च्या खाली नाही. म्हणजे पुस्तकातला स्वच्छ पाऊस. मी जरा हिरमुसलोच, खरं सांगतो. लॅबवाल्या माणसाला काहीतरी सापडलं की बरं वाटतं.

आकडे असे उतरत का गेले त्याचं कारण आपल्या देशात सगळीकडे तेच आहे, धूळ. राजस्थानची, अरबस्तानातून समुद्रावरून येणारी, आणि आपल्याच उघड्या रानाची. तिच्यात चुनखडीचा अंश असतो, चुना म्हणजे आम्लाचा हाडवैरी, त्यामुळे उन्हाळ्यानंतरच्या पहिल्या सरी जवळजवळ उदासीन निघतात. गुरांच्या शेणामुताचा आणि खतांचा अमोनियाही तेच काम करतो. पाऊस धूळ धुवत जातो तसा चुना संपतो आणि पीएच ५.६ कडे घसरतो, आणि ही घसरण म्हणजे प्रदूषण नव्हे, उलट हवा स्वच्छ झाल्याची खूण आहे. गावात हे पटवणं महाकठीण. आकडा खाली आला म्हणजे हवा स्वच्छ झाली, हे ऐकून सरपंचांनी माझ्याकडे असं बघितलं की मी कंपनीकडून पाकीट घेतलंय.

आणि आकडे ५.४ च्या खाली का गेले नाहीत त्याचं कारण वारा. जून ते सप्टेंबर वारा नैऋत्येकडून, म्हणजे समुद्राकडून गावाकडे आणि गावावरून घाटाकडे. वसाहत आमच्या पूर्वेला. म्हणजे पावसाळ्यात तिथला धूर आमच्यावर येऊच शकत नाही, तो सह्याद्रीकडे जातो, आमच्यावर येते ती हजार मैल समुद्रावरून आलेली खारी हवा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या लोकांनी फार वर्षांपूर्वी पश्चिम किनाऱ्यावरचा पाऊस मोजला होता त्यातही हेच चित्र होतं, अलिबाग आणि कुलाबा उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी, आणि तिथून फार लांब नसलेलं चेंबूर, कल्याण, जिथे कारखाने उशाला, तिथे आम्ल. समुद्र एकच, पाऊस एकच, मधे कोण बसलंय त्यावर ठरतं.

आता पत्रे. हा या प्रकरणातला माझा आवडता भाग आहे त्यामुळे जरा लांबण लावतो.

ॲसिडच्या पावसाने पत्रा खाल्ला असता तर तो वरून खाल्ला असता. साधी गोष्ट, पाऊस वरून पडतो. मी शिडी लावून चढलो तर वरची बाजू काळपट-राखाडी पण धड. खालून टॉर्च मारला आणि बघतच राहिलो, पडवीच्या आतल्या बाजूने, जिथे पावसाचा थेंब आयुष्यात पोचत नाही, तिथे पत्र्याला पांढरे फुगे आलेले आणि त्यांच्यामधून तांबडा गंज, समुद्राकडच्या वळचणीला सगळ्यात जास्त, घराच्या आत जाल तसा कमी, आणि मागच्या दाराकडचा पत्रा जवळजवळ नवा. वळचणीच्या खालच्या बाजूला बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. खारट. लॅबवाल्याने असं करू नये.

पुढच्या आठवड्यात नीट केलं. हातभर चौकोनात डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवलेला कापूस फिरवला, तो बाटलीत पिळला, दोन थेंब सिल्व्हर नायट्रेट. पाणी नुसतं दुधाळ नाही झालं, नासलेल्या दुधासारखे पांढरे गठ्ठे खाली बसले. क्लोराइड, म्हणजे मीठ. त्याच पत्र्याच्या वरच्या बाजूचा कापूस पिळला तर जेमतेम धुरकट. कारण उघड आहे, वरचं मीठ पाऊस धुऊन नेतो, खालचं कोण धुणार? ते बसून राहतं, रात्री हवेतलं दव ओढून ओलं होतं, सकाळी वाळतं, परत ओलं, आणि जस्त पोखरत जातं. म्हणजे ज्या पावसावर आम्ही खटला भरायला निघालो होतो तो पत्र्याचा रखवालदार निघाला, जिथे पोचला तिथे पत्रा वाचला.

मग बिल बघितलं. पत्रा १२० जीएसएमचा. म्हणजे एक चौरस मीटर पत्र्याला दोन्ही बाजू मिळून १२० ग्रॅम जस्त, एका बाजूला ६०, जाडी म्हणाल तर साडेआठ मायक्रॉनच्या आत, मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. समुद्रकाठच्या हवेत जस्त वर्षाला २ ते ४ मायक्रॉन जातं, अगदी लाटांच्या तोंडावर असाल तर त्याहून जास्त. करा भागाकार. तीन वर्षं म्हणजे पत्र्याने इमानदारीने काम केलं. दुकानदाराचे पंधरा वर्षं बहुतेक कराडला होत असतील.

आणि उलट बाजूनेही हिशोब केला कारण ग्रामसभेत कोणीतरी विचारणारच. समजा आमचा सगळा पाऊस खरोखरच खराब आहे, ५.६ नाही तर ४.६, म्हणजे दहापट आम्ल. रत्नागिरीकडे वर्षाला ३,००० मिलीमीटरच्या वर पडतो, ३,००० धरू, म्हणजे एका चौरस मीटरवर ३,००० लिटर. त्यातलं सगळंच्या सगळं आम्ल जस्तावरच खर्ची पडलं, एक थेंब वाया गेला नाही, तरी वर्षाला अडीच ग्रॅमच्या आत जस्त विरघळतं. वरच्या बाजूचं ६० ग्रॅम संपायला चोवीस वर्षं. आमच्या खऱ्या पावसाला त्याहूनही कितीतरी जास्त.

बाकीच्या दोन तक्रारी पटकन. आंब्याचा मोहोर काळा पडला तो फेब्रुवारीत अवेळी पाऊस आणि मळभ आलं त्यानंतर, तो करपा, बुरशी आहे, बागायतदार स्वतःच औषध मारतात त्यावर. धुराने आंबा बिघडतो हे खोटं नाही बरं का, उत्तरेकडे विटांच्या भट्ट्यांजवळच्या बागांत फळाचं टोक काळं पडतं आणि ते भट्टीच्या वायूंमुळेच, पण ते फळाचं टोक, मोहोर नाही, आणि आमच्याकडे भट्टी नाही.

बेसिनवरचा हिरवा डाग मात्र खरा आम्लाचाच. फक्त पावसाच्या नाही, विहिरीच्या. विहिरीचं पाणी मोजलं तर ५.४! पावसापेक्षा खाली. जांभ्या मातीत असं होतं, हजारो वर्षांच्या पावसाने तिच्यातला चुना, मॅग्नेशियम कधीच वाहून गेलंय, उरलंय ते लोखंड आणि ॲल्युमिनियम, म्हणून तर ती तांबडी. त्यात मुळं आणि जंतू श्वास सोडतात त्यामुळे मातीच्या पोकळ्यांत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेच्या दहापट ते शंभरपट असतो. पाऊस त्यातून झिरपतो, आणखी आम्ल होतो, आणि वाटेत त्याला उदासीन करायला चुना भेटत नाही. असं मऊ आणि आम्ल पाणी तांब्या-पितळेला चाटतं, रात्रभर नळात राहिलेलं तर जास्तच. म्हणून सकाळचं पहिलं तांब्याभर सोडून द्यायचं. आपले जुने लोक भाताच्या रोपासाठी राब भाजतात ना, म्हणजे रोपाच्या जागेवर पालापाचोळा जाळतात, ती राख अल्कधर्मी असते, तण आणि किडीबरोबर मातीचं आम्लही जरा मारते.

तर १५ ऑगस्टला मी ग्रामसभेत उभा राहिलो, वही, बाटल्या, पत्र्याचा तुकडा सगळं घेऊन, आणि ठासून सांगितलं की आपल्या गावात ॲसिडचा पाऊस पडत नाही, अर्ज करू नये. टाळ्या नाही पडल्या. आप्पा तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आणि मग हस्त लागलं.

पुतणीला मी मोजणं थांबव म्हणून सांगायचं विसरलो होतो, तिने तशीच चालू ठेवली होती. नवरात्रात एका संध्याकाळी फोन, “काका, चार नऊ आलंय, बफर दोनदा लावला.” मला वाटलं पेन गेला. शनिवारी येऊन लॅबच्या मीटरवर तिचा गोठवून ठेवलेला नमुना लावला, ४.९. चित्रा नक्षत्रात दोन सरी आल्या, एक ५.०, एक ५.३. वही उघडली तर तिने वाऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, “घाटाकडून, काळे ढग, गडगडाट.” आणि मला माझी चूक दिसली, इतकी मोठी की लाज वाटली. मी पावसाळा म्हणजे नैऋत्येचा पाऊस इतकंच धरून बसलो होतो. परतीचा पाऊस येतो तो दुपारनंतर, सह्याद्रीवर ढग उठतात आणि पूर्वेकडून आमच्याकडे उतरतात. म्हणजे वसाहतीवरून. वर्षातला हाच पाऊस असा की ज्याच्या वाटेत ती वसाहत येते, आणि हाच मी मोजायचा नाही असं ठरवून ग्रामसभेत बोललो होतो.

पण लगेच उलटी उडी मारायचीही घाई नको. ४.९ म्हणजे कारखानाच, असं नाही म्हणता येत. वीज चमकते तेव्हा तिच्या उष्णतेने हवेतला नायट्रोजन जळतो आणि नैसर्गिकरीत्याच नायट्रिक ॲसिड होतं, आणि परतीचा पाऊस म्हणजे विजांचाच. ऑक्टोबरात हवेत धूळही नसते चुना द्यायला. माणसाचा वावर नसलेल्या बेटांवरही पाऊस कधीकधी ५ च्या आसपास मिळतो, समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळातून निघणाऱ्या गंधकामुळे. शिवाय सर छोटी, पंधरा-वीस मिलीमीटरची. थोड्या पाण्यात हवेतला सगळा मळ उतरतो म्हणून आकडा वाईट दिसतो, पण एकूण आम्ल बघाल तर ५.६ चा १,००० मिलीमीटरचा जुलै हा ४.९ च्या २० मिलीमीटरच्या सरीपेक्षा दहापट आम्ल जमिनीवर ओततो. पीएचवर निकाल नाही देता येत. पाण्यात सल्फेट किती, नायट्रेट किती, सोडियम किती हे बघायला लागतं, कारण समुद्राच्या मिठातही सल्फेट असतं, सोडियमच्या एक चतुर्थांश वजनाचं, ते वजा केल्यावर जे उरतं त्यातच धुराचा वाटा शोधायचा. यासाठी आयन क्रोमॅटोग्राफी लागते, पाण्यातले क्षार वेगवेगळे करून मोजायची पद्धत, ती माझ्या लॅबमध्ये नाही. सिल्व्हर नायट्रेटच्या बाटलीने हे होत नाही, सल्फेट असलं तर पाणी दुधाळ करणारं बेरियम क्लोराइड टाकून बघितलं तर पाणी स्वच्छच, पण पावसातलं सल्फेट लिटरला एक-दोन मिलीग्रॅम असलं तर ते तसंही डोळ्याला दिसणार नव्हतं.

हे मोजणारे लोक आहेत आपल्याकडे. हवामान खात्याची देशभर दहा केंद्रं वर्षानुवर्षं पावसाचे नमुने घेतात, पुणे, नागपूर, विशाखापट्टणम, आसामातलं मोहनबारी, लक्षद्वीपमधलं मिनिकॉय वगैरे, आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी पीएच हळूहळू खाली सरकताना दिसलाय. आपला पाऊस धुळीच्या जिवावर वाचलेला आहे आणि धूळ हा काही भरवशाचा साथीदार नाही. एक विचित्र गोष्ट अशी की चिमणीला राख पकडणारी यंत्रं बसवली, जी बसवायलाच हवीत, आणि सल्फर डायऑक्साइड तसाच सोडला, तर राखेतला अल्क जातो आणि आम्ल तेवढं उरतं. कोळशाच्या वीज प्रकल्पांनी गंधक पकडायची यंत्रणा बसवावी असा नियम २०१५ च्या डिसेंबरात आला, मुदती वाढत गेल्या, आणि २०२५ च्या जुलैमध्ये बहुतेक प्रकल्पांना त्यातून सूटच मिळाली. आपल्या कोळशात गंधक कमी, हा त्यामागचा एक मुद्दा, आणि तो खोटा नाही, अर्ध्या टक्क्याच्या आसपासच असतं. पण जाळतो किती तेही बघा ना.

आणि वासाचं काय? ते तर मी विसरलोच होतो, आणि गावाची मूळ तक्रार खरं म्हणजे तीच होती. थंडीत रात्री जमीन गार पडते आणि मतलई वारे सुटतात, जमिनीकडून समुद्राकडे, वसाहतीकडून आमच्याकडे, पहाटे हवा दबलेली असते त्यामुळे धूर वर जात नाही आणि सरळ दारात. त्या वेळी पाऊस नसतो. म्हणून पावसात काही सापडत नाही. सल्फर डायऑक्साइडला खाली यायला पाऊसच लागतो असं नाही, तो कोरडाच पानांवर, दवावर, फुफ्फुसात बसतो. गावाने खऱ्या त्रासाला चुकीचं नाव दिलं होतं आणि मी नाव चुकीचं आहे एवढंच सिद्ध करून मोकळा झालो होतो.

नोव्हेंबरात अर्ज गेला, मीच लिहिला. ॲसिडच्या पावसाचं नाव नाही त्यात, पत्र्यांची भरपाई नाही, आंबा नाही. मागितलंय ते एवढंच, की नोव्हेंबर ते फेब्रुवारी गावात हवा मोजणारं यंत्र बसवावं, रात्री ते सकाळपर्यंतची वाचनं वेगळी द्यावीत, कारण सल्फर डायऑक्साइडची मर्यादा २४ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ८० मायक्रोग्रॅम आहे आणि दोन तासांचा वास चोवीस तासांत मिसळला की सरासरी छान दिसते. दुसरं, पुढच्या हस्त-चित्राच्या पावसाचे नमुने घेऊन सल्फेट आणि नायट्रेट तपासावं. पुतणीच्या वहीची झेरॉक्स जोडली, वाऱ्याच्या रकान्यासकट. पोच मिळाली आहे. बाकी अजून काही नाही.

आप्पांना पत्र्यांचं मीठ पटलं, पण जरा वेळाने आणि स्वतःच्या पद्धतीने. दिवाळीत गेलो तर पडवीत उभे राहून, पंपाला पाइप लावून, नव्या पत्र्यांच्या खालच्या बाजूवर पाणी मारत होते, वळचणीपासून आत. दर पंधरा दिवसांनी करतात म्हणे. मी बघत राहिलो तर म्हणाले, “काय रे, बरोबर आहे ना?” बरोबरच होतं. पाणी विहिरीचं होतं, ५.४ वालं.